भूत पटावर, आपण पटाभोवती



आपल्या संस्थेच्या व्याख्यानमालेत याआधी मी दोनदा बोललो. एकदा मधुमेहावर, एकदा पावसाळ्यातल्या आजारांवर. यंदा कार्यवाहांनी विचारले, तेव्हा मी म्हटले, "या वेळी भुतांवर बोलतो." त्यांना वाटले, डॉक्टर थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. बाजारात हल्ली भुते, राक्षस, झपाटलेले वाडे यांवरचे बैठे खेळ मिळतात. पट, फासे, पत्ते, सोंगट्या घेऊन घरच्यांनी मिळून खेळायचे खेळ. नातवंडे ते घेऊन आपल्या घरी येतात आणि आपण आजीआजोबा गोंधळतो. मुलांना भुतांचे खेळ द्यावेत का? देवाधर्माच्या घरात ते चालतील का? अगोदरच अंधाराला घाबरणारे मूल आणखी घाबरणार नाही का? हे तीनही प्रश्न माझ्या घरात उभे राहिले. उत्तरे मिळायला सहा महिने लागले, आणि त्यात माझी एक चूकही झाली. ते सारे आज तुमच्यापुढे ठेवतो.

कपाटावरची पेटी

माझी मुलगी पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती मुलांना घेऊन बेळगावला आली. नातू नऊ वर्षांचा, नात पाच वर्षांची. नातवाच्या हातात एक रंगीत पेटी होती आणि तिच्यावर पांढरी भुते नाचत होती. मी ती घेतली, उलटसुलट पाहिली आणि कपाटावर ठेवून दिली. "आपल्या घरात हे नको," एवढेच म्हणालो.

माझ्याकडे कारणे होती. एक तर आमचे घर जैन. भुताखेतांच्या नादी लागणे म्हणजे मिथ्यात्व, असे लहानपणापासून ऐकलेले. शिवाय खेळात का होईना, कुणाला 'मारायचे' ही कल्पना आम्हाला रुचत नाही. आणि तिसरे म्हणजे नात रात्री दिवा मालवू देत नव्हती. न्हाणीघरात एकटी जात नव्हती. अशा मुलीपुढे भुते कशाला आणायची?

पेटी उन्हाळ्यापर्यंत तिथेच राहिली. मे महिन्यात मुले पुन्हा आली, तेव्हाही नात दिवा मालवू देत नव्हती. भुते कपाटावर ठेवून तिच्या मनातली भुते काही कमी झाली नव्हती. एका दुपारी माझ्या आईने, म्हणजे मुलांच्या पणजीने, नातवाला विचारले, "त्या खोक्यात काय आहे रे?" तो म्हणाला, "भुतं आहेत. आज्जा खेळू देत नाही." आई म्हणाली, "काढ की. बघू तरी कसली भुतं आहेत ती." आईचे वय तेव्हा शहाऐंशी. तिच्यापुढे माझे काय चालणार?

पेटीत काय होते

खेळाचे नाव 'घोस्ट फायटिन ट्रेझर हंटर्स'. ब्रायन यू यांनी रचलेला. जर्मनीत दरवर्षी उत्तम खेळांना पुरस्कार देतात. मुलांच्या खेळांसाठीचा तिथला पुरस्कार या खेळाला 2014 मध्ये मिळाला. पटावर एका जुन्या हवेलीचा नकाशा. तिच्या खोल्यांत आठ रत्ने ठेवलेली. खेळाडूंनी फासा टाकत आत जायचे, पाठीवरच्या पिशवीत एक रत्न घ्यायचे आणि बाहेर आणायचे. पण फाशावर सहा सोडून दुसरे दान पडले की एक पत्ता उचलावा लागतो, आणि पत्त्यावर जी खोली असेल तिथे एक लहान पांढरे भूत येऊन बसते. एका खोलीत तिसरे भूत आले की तिथे मोठे लाल भूत उभे राहते. लहान भुताला एकटा खेळाडू घालवू शकतो. लाल भुताला घालवायला त्या खोलीत दोघे लागतात. आठही रत्ने बाहेर आली तर सगळे जिंकले. त्याआधी सहा लाल भुते झाली तर सगळे हरले.

यात दोन गोष्टी मला लगेच दिसल्या. पहिली ही, की इथे कुणी कुणाविरुद्ध खेळत नाही. पाच वर्षांची नात आणि शहाऐंशीची पणजी एकाच बाजूला. सारीपाट, पत्ते, कॅरम या आपल्या खेळांत कुणीतरी हरणारच, आणि घरातले सर्वांत लहान पोर बहुधा तेच असते. दुसरी गोष्ट डॉक्टर म्हणून जाणवली. या खेळातले भूत तुम्हाला मारत नाही. ते फक्त साचत जाते. वेळीच लक्ष दिले तर एकटा माणूस ते निस्तरतो. दुर्लक्ष केले तर मग दुसऱ्याला हाक मारावी लागते. रोज दवाखान्यात बसून मी लोकांना हेच सांगत असतो.

त्या दुपारी आम्ही दोनदा हरलो. तिसऱ्यांदा जिंकलो, तेव्हा नात माझ्या मांडीवर उभी राहून ओरडत होती.

कोणत्या वयाला कोणते भूत

मग मी या खेळांचा थोडा अभ्यास केला. त्यातले काही तुम्हाला सांगतो, म्हणजे नातवंडांसाठी घेताना उपयोग होईल.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी 'गो अवे मॉन्स्टर' नावाचा अगदी साधा खेळ आहे. प्रत्येकाच्या पुढे निजायच्या खोलीचे चित्र. कापडी पिशवीत पलंग, दिवा, खेळणे, भिंतीवरची तसबीर यांचे जाड पुठ्ठ्याचे तुकडे, आणि त्यांच्यात मिसळलेले काही राक्षस. मुलाने न बघता पिशवीत हात घालायचा आणि आकार चाचपून तुकडा काढायचा. पलंग निघाला तर आपल्या खोलीत लावायचा. राक्षस निघाला तर "जा रे राक्षसा!" असे मोठ्याने म्हणून तो लांब फेकायचा. अंधारात हात घालणे, तिथे राक्षस असू शकतो हे ठाऊक असणे आणि तो निघालाच तर काय करायचे हेही ठाऊक असणे, एवढाच खेळ. रात्री दिवा मालवल्यावर मुलाला नेमके हेच करावे लागते. फरक इतकाच, की इथे आजी शेजारी बसलेली असते.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे 'गाइस्टरट्रेपे', भुतांचा जिना. यालाही जर्मनीतला तोच पुरस्कार 2004 मध्ये मिळाला. मुलांच्या लाकडी सोंगट्या जिना चढतात. फाशावर भूत पडले की एका सोंगटीवर भुताचे टोपण बसते. आत लोहचुंबक असल्याने ते सोंगटीला धरून राहते. हळूहळू साऱ्याच सोंगट्या भुते होतात, त्यांच्या जागांची अदलाबदल होऊ लागते आणि आपली कोणती ते लक्षात ठेवावे लागते. खेळ संपताना टोपणे काढली, की भुताखाली आपल्यातलेच कुणीतरी निघते. चार वर्षांच्या मुलाला भुताबद्दल याहून चांगले काही सांगता येईल असे मला वाटत नाही.

आठाच्या पुढे 'गाइस्टेसब्लिट्स' घ्या. टेबलावर पाच लाकडी वस्तू: पांढरे भूत, हिरवी बाटली, लाल खुर्ची, निळे पुस्तक, करडा उंदीर. पत्ता उलटला की त्यावरच्या चित्रात वस्तू भलत्याच रंगांत दिसतात. एखादी आपल्या खऱ्या रंगात असेल तर ती पटकन उचलायची. तशी एकही नसेल, तर जिची वस्तूही नाही आणि रंगही नाही ती उचलायची. आम्ही यात घरचा एक नियम घातला आहे. उचलताना वस्तूचे नाव मराठीत घ्यायचे. आमची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात. इथल्या शेजारच्या मुलांची शाळा कानडी. 'करडा' हा शब्द त्यांच्या तोंडी मी पहिल्यांदा या खेळात ऐकला.

दहाच्या पुढच्या मुलांसाठी 'मिस्टेरियम' आहे. एका वाड्यात खून झालेला असतो. एक खेळाडू त्या मेलेल्या माणसाचे भूत होतो, आणि भुताला बोलता येत नाही. ते इतरांना फक्त स्वप्नांची चित्रे देते. त्यांवरून गुन्हेगार, जागा आणि हत्यार ओळखायचे. भूत इथे शत्रू नाही. त्याला न्याय हवा आहे आणि त्याची भाषा कुणाला कळत नाही.

मला स्वतःला सर्वांत आवडलेला खेळ म्हणजे 2019 मध्ये आलेला 'हॉरिफाइड'. हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांतले राक्षस त्यात एकत्र आणले आहेत. ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइन हे दोन्ही चित्रपट 1931 चे. त्यांमागची पुस्तके त्याहून जुनी. मेरी शेली यांची कादंबरी 1818 ची, ब्रॅम स्टोकर यांची 1897 ची. खेळाडूंनी मिळून एका गावाला या राक्षसांपासून वाचवायचे आणि भटकणाऱ्या गावकऱ्यांना सुखरूप घरी पोचवायचे. माझ्या जैन मनाला इथे एक सुखद धक्का बसला. प्रत्येक राक्षसाचा उपाय वेगळा आहे. ड्रॅक्युलाच्या शवपेट्या शोधून फोडाव्या लागतात हे खरे. पण लांडगा होणाऱ्या माणसासाठी औषध शोधायचे असते. ममीला तिच्या थडग्यात परत पोचवायचे असते. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आणि त्याची वधू यांना तर माणुसकी शिकवायची असते, आणि ती शिकून झाली की मगच त्यांची गाठ घालून द्यायची. त्याआधी ते भेटले तर अनर्थ. एकच औषध सर्वांना लागू पडत नाही, हे माझ्या शास्त्रातले पहिले सूत्र मला या पटावर मांडलेले दिसले.

न आवडलेलाही एक सांगतो. 'किंग ऑफ टोकियो' हा रिचर्ड गारफील्ड यांचा 2011 चा खेळ फार खपतो. त्यात प्रत्येक खेळाडू एक अजस्र राक्षस होतो आणि एकमेकांना बदडतो. ज्याचे प्राण संपले तो बाहेर. मोठी मुले हसत खेळतात. पण आमची नात बाद होऊन भिंतीशी जाऊन बसली, तेव्हा तो खेळ आम्ही तिच्या मोठेपणासाठी राखून ठेवला.

डॉक्टरांच्या वहीतली भीती

होमिओपॅथीत रुग्णाची माहिती घेताना "भीती कशाची वाटते?" हा प्रश्न आम्ही आवर्जून विचारतो. केंट यांची रेपर्टरी आम्ही महाविद्यालयापासून वापरतो. ती 1897 ची, म्हणजे ड्रॅक्युलाच्याच वर्षाची. तिच्यात अंधाराची भीती, एकटे राहण्याची भीती, भुतांची भीती अशा स्वतंत्र नोंदी आहेत. चाळीस वर्षे मी हा प्रश्न विचारत आलो. मुलांची उत्तरे बहुधा आईच देते. "पलंगाखाली कुणीतरी आहे म्हणतो." "पडद्यामागे कुणी आहे म्हणते."

तीन ते सहा या वयात ही भीती येणे हा आजार नाही. याच वयात कल्पनाशक्ती फुलते, आणि जे दिसत नाही ते मनात उभे करता येऊ लागते. पण मनात उभे केलेले खरे की खोटे, हे ताडून पाहण्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. मधल्या काळात भूत राहायला येते. भीती वाटली की शरीर आपले काम करते. अ‍ॅड्रिनलिन वाढते, छातीत धडधडते, तळवे गार पडतात, श्वास भरभर होतो. पटावर लाल भूत उभे राहिले तरी थोड्या प्रमाणात हेच घडते. पण इथे ते कुशीत बसून घडते, त्याला नियम असतात, आणि पेटी बंद केली की ते संपते. धडधड सुरू होते तशीच थांबतेही, हा अनुभव मुलाला वारंवार मिळतो. भीती सोसता येते हे त्याला कुणी सांगितलेले नसते. त्याच्या शरीराने ते शिकलेले असते.

मात्रा मात्र महत्त्वाची. मूल हसत हसत किंचाळत असेल तर खेळ चालू द्या. ते गप्प झाले, अंग आखडले, पटाकडे बघेनासे झाले, लघवीचे निमित्त करून उठू लागले, तर पट लगेच आवरा. "एवढ्यात घाबरलास?" असे कधीही म्हणू नका. झोपायच्या अगोदरचा तास या खेळांना देऊ नका. दुपार उत्तम. आणि जे मूल महिनोन्महिने झोपत नाही, शाळेत जात नाही, किंवा ज्याने घरात मृत्यू, अपघात, मारहाण पाहिली आहे, त्याची भीती खेळाने जाईल म्हणून थांबू नका. त्याला मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. माझ्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर मी पोट भरले, पण हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

जो खेळ नाही तो

इथे एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी. भुतांचे खेळ म्हटले की आपल्या पिढीला प्लँचेट आठवते. पाटीवर अक्षरे, मध्ये वाटी, वाटीवर तिघांची बोटे. परदेशात याचाच पट करून विकला गेला. एलायजा बॉन्ड यांना अमेरिकेत त्याचे पेटंट 1891 मध्ये मिळाले, आणि 1966 पासून तो पार्कर ब्रदर्स या खेळणी कंपनीच्या पेट्यांत विकला जाऊ लागला. पेटी खेळण्यांच्या दुकानात मिळते म्हणून आतली वस्तू खेळणे ठरत नाही.

वाटी का सरकते, हे दीडशे वर्षांपूर्वीच कळलेले आहे. टेबल आपोआप फिरते असा बोलबाला झाला, तेव्हा मायकेल फॅरडे यांनी 1853 मध्ये एक साधा प्रयोग केला. बसणाऱ्यांच्या हातांखाली त्यांनी पुठ्ठ्यांची चळत ठेवली आणि पुठ्ठ्यांच्या मध्ये मऊ चिकट पदार्थ लावला. टेबल हातांना ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. सरकला वरचा, हाताला लागून असलेला. म्हणजे लोकच ढकलत होते, आणि आपण ढकलतो आहोत हे त्यांना कळत नव्हते. त्याच्या आदल्या वर्षी विल्यम कार्पेंटर यांनी अशा नकळत होणाऱ्या हालचालींना शास्त्रीय नाव दिले होते. मनात उत्तर असते आणि स्नायू ते लिहितात.

आमच्या वसतिगृहात, मी दुसऱ्या वर्षाला असताना, परीक्षेच्या सुट्टीत ही वाटी फिरली होती. आमच्यातल्या एकाचे वडील त्या वर्षी गेले होते. वाटीने 'वडिलांचा निरोप' दिला. तो काय होता ते लिहीत नाही. वाटीवर माझेही बोट होते. तो मुलगा पुढचे कित्येक दिवस झोपला नाही आणि त्या वर्षी परीक्षेला बसला नाही. आम्ही कुणी मुद्दाम ढकलले नव्हते. पण "आपल्यापैकीच कुणीतरी ढकलले," हे त्याला सांगायचे धैर्यही आम्हाला झाले नाही. आज त्याला जाऊन चाळीसाहून अधिक वर्षे झाली. दिवाळीत ती पेटी मी कपाटावर ठेवली तिच्यामागे ही आठवणही होती, हे मला फार उशिरा उमगले. जो खेळ नव्हता त्याची शिक्षा मी खेळाला दिली.

फरक सोपा आहे. खेळात सगळ्यांना ठाऊक असते की हे खोटे आहे. नियम कागदावर छापलेले असतात आणि ते पाच वर्षांच्या मुलालाही वाचून दाखवता येतात. प्लँचेटमध्ये नियम कुणी सांगत नाही आणि जबाबदारी कुणी घेत नाही. पहिले घरात आणा. दुसरे आणू नका.

आपल्याकडचे जुने पट

आता धर्माचा प्रश्न. भीतीचा पट ही काही परदेशातून आलेली वस्तू नाही. लहानपणी आपण सारे खेळलो तो सापशिडीचा पट मुळात आपला. महाराष्ट्रात मोक्षपट प्रसिद्ध आहे आणि परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. गुजरात-राजस्थानच्या जैन घरांत ज्ञानबाजी खेळत, पर्युषणाच्या दिवसांत तर आवर्जून. चौऱ्याऐंशी घरांच्या अशा एका कापडी पटाचे छायाचित्र मी बडोद्याच्या एका स्नेह्यांकडे पाहिले. वर सिद्धशिला, खाली नरक, आणि मधल्या घरांतून सरपटणारे साप. आमच्या शास्त्रात नरक सात. रत्नप्रभेपासून महातमःप्रभेपर्यंत एकाहून एक अंधारे. दान चुकीचे पडले की सोंगटी तिथे जाते. मुलांना घाबरवायला आणि घाबरवून हसवायला आमच्या पूर्वजांनाही कवड्या पुरल्या. हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेला, आणि त्यातले नरक व मोक्ष गळून नुसता साप आणि शिडी उरली.

आणि भुतांचे म्हणाल तर जैन शास्त्रात व्यंतर देवांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत यक्ष, गंधर्व, किन्नर आहेत तसेच राक्षस, भूत आणि पिशाचही आहेत. त्यांना पुजायचे नाही हे खरे. पण तेही जीवच आहेत, आपापल्या कर्माने बांधलेले. लहानपणी मी यातला पहिलाच अर्धा भाग ऐकला होता. दुसरा अर्धा 'हॉरिफाइड' खेळताना आठवला.

गोव्यातल्या वाचकांना हे सांगायला नको. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री तिथे गल्लीगल्लीत मुले नरकासुराचे पुतळे उभारतात आणि पहाटे जाळतात. वेताळ तिथे कित्येक गावांचा देव आहे, आणि देवचार हा गावाच्या वेशीचा राखणदार. भीतीशी नाते कसे ठेवायचे हे त्या मुलांना अंगणातच कळते.

आईचा वाडा

मे महिना संपत आला तसा त्या पेटीतल्या हवेलीचा मुलांना कंटाळा आला. नातू म्हणाला, "पणजी, तुझ्या घरात भुतं होती?" आई म्हणाली, "माझ्या माहेरी होती की. वाडा केवढा होता!" आईचे माहेर निपाणीजवळच्या एका खेड्यात. मी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा दिला आणि आईने सांगितला तसा नातवाने वाडा आखला. नऊ घरे. ओसरी, सोपा, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणीघर, माळा, परसू. नववे घर रिकामे राहिले. "इथे काय होतं?" आई जरा थांबली. म्हणाली, "बाळंतिणीची खोली. लिही."

खेळाचे नियम आम्ही त्या पेटीवरूनच बेतले. तुम्हीही करू शकता, म्हणून सविस्तर देतो.

तीन ओळींत तीन-तीन अशी नऊ घरे आखा. ओसरीवरून सुरुवात. देवघरात भूत येत नाही. उरलेल्या सात घरांच्या प्रत्येकी दोन, अशा चौदा चिठ्ठ्या करा. कोणत्याही पाच घरांत एकेक नाणे ठेवा. पाळी आली की चार कवड्या टाका. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चाला, तिरके जायचे नाही. मग एक चिठ्ठी उचला आणि त्या घरात एक चिंचोका ठेवा. चारही कवड्या पालथ्या पडल्या तर हव्या त्या घरात जा, आणि त्या पाळीला चिठ्ठी नाही. चिठ्ठ्या संपल्या की पुन्हा पिसा. एका घरात तीन चिंचोके झाले की ते उचलून एक सुपारी ठेवा. ते मोठे भूत. चिंचोका घालवायला त्या घरात थांबून एक कवडी टाका, उताणी पडली तर भूत गेले. सुपारीला त्या घरात दोघे लागतात. दोघांनी एकेक कवडी टाकायची, एक तरी उताणी हवी. एका वेळी एकच नाणे उचलता येते. पाचही नाणी ओसरीवर आली तर घर जिंकले. चार सुपाऱ्या झाल्या तर घर हरले. दोन ते पाच जणांना पुरतो, अर्ध्या तासात संपतो.

एक नियम मात्र नातीने घातला. भूत घालवण्याआधी त्याला विचारायचे, "तू कोण, आणि तुला काय हवं?" उत्तर पणजीने द्यायचे.

तसे आईने दिले. परसातल्या पिंपळावरचा मुंजा निघाला, तेव्हा तिने सांगितले की मुंज झालेला, पण लग्नाआधीच गेलेला मुलगा मुंजा होतो म्हणतात. शेतावरचा चकवा माणसाला रात्रभर एकाच बांधावर फिरवतो, हेही सांगितले. मुले हसत होती. मग बाळंतिणीच्या खोलीत सुपारी आली. नातवाने आणि नातीने मिळून कवड्या हातात घेतल्या. नात म्हणाली, "तू कोण?" नातू म्हणाला, "हडळ असणार. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, तूच सांगितलंस."

आई म्हणाली, "हडळ नव्हती ती. माझी अक्का होती."

आईला थोरली बहीण होती हे मला बासष्टाव्या वर्षी कळले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सतरा वर्षांची. आई तेव्हा नऊ वर्षांची. पावसाळा होता, वेदगंगेला पूर होता आणि गाडी पलीकडे जात नव्हती. दोन दिवसांनी ती गेली, बाळही गेले. त्यानंतर ती खोली बंद झाली. घरातल्या पोरांनी आत जाऊ नये म्हणून मोठ्यांनी सांगितले, तिथे हडळ आहे. आईला ठाऊक होते की तिथे आपली अक्का होती. तरी तीही त्या दारासमोरून पळत जायची. तिचे नाव त्या घरात पुन्हा कुणी घेतले नाही, आणि आईनेही त्या दुपारपर्यंत घेतले नव्हते.

नातीला यातले किती कळले कोण जाणे. नियमाप्रमाणे तिने पुढचा प्रश्न विचारला. "तिला काय हवं होतं?"

आई म्हणाली, "दवाखाना."

आमच्या घरात तीन डॉक्टर आहेत. कुणाला काही बोलता आले नाही. मुलांनी कवड्या टाकल्या, एक उताणी पडली. नातीने सुपारी उचलली आणि पटाबाहेर न टाकता देवघराच्या चौकोनात ठेवली. तसा नियम नव्हता. कुणी हरकत घेतली नाही.

त्यानंतर मी आपल्या भुतांची यादी वेगळ्या नजरेने पाहतो. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बायका. मुंजा म्हणजे लहान वयात गेलेली मुले. समंध म्हणजे ज्यांच्यामागे कुणी उरले नाही असे पुरुष. ज्या मरणांचे दुःख घराला बोलता आले नाही, त्यांना आपल्या लोकांनी ही नावे दिली असावीत. जन्ममृत्यूच्या नोंदवहीत जे सापडणार नाही, ते या नावांत थोडेफार उरले आहे. मुलांपासून भुते लपवली तर ही माणसेही लपतात.

नातीने दिवा मालवायला लगेच सुरुवात केली, असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दिवाळीपर्यंत तिला दिवा लागत होता. मग एक दिवस लागेनासा झाला. खेळामुळे की वयामुळे, ते मी डॉक्टर असूनही सांगू शकत नाही. न्हाणीघरात जाताना मात्र ती दारातूनच विचारते, "कोण आहे? काय हवं?" आणि आत जाते.

आई गेल्या वर्षी गेली. कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावरचा वाडा आमच्याकडे आहे. नवव्या घरात तिने स्वतःच्या हाताने मावशीचे नाव लिहिले आहे.

तुमच्याही घरात एखादा पुठ्ठा असेल, चार कवड्या असतील, आणि जुन्या घराच्या खोल्या आठवणारे कुणीतरी अजून असेल. येत्या सुट्टीत त्यांना पटाभोवती बसवा. खोल्यांची नावे त्यांनाच सांगू द्या. एखादे घर सांगताना ते थांबले, तर घाई करू नका.